खुशालबाबूच्या डोळ्यांचं पाणी

मंडल ऑफिसातल्या खुशाल दुर्गे नावाच्या कारकुनाच्या डोळ्यांतून आठ वर्षं पाणी वाहत होतं, आणि ते पाणी रडण्याचं नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण तिकडच्या पंचवीस-तीस खेड्यांतल्या लोकांना हेच सांगून सांगून त्याच्या तोंडाला कोरड पडली, पण एकानंही ते खरं मानलं नाही. मंडलाचं नाव मी सांगणार नाही. आदिलाबादहून बाजारहत्नूरच्या अंगाला जाणाऱ्या बसनं तासाभरावर ते ऑफिस होतं, एवढं पुरे. तिथली माणसं अजून हयात आहेत आणि मला त्यांच्या दारावरून जावं लागतं.

खुशाल राहायला आदिलाबादजवळच्या मावल्याला. त्याचा बाप जन्मभर दुसऱ्यांच्या कापसात राबला आणि पोराला शिकवून मोकळा झाला. पोरगं तेलुगू शिकलं, परीक्षा पास झालं, कारकून झालं. पंच्याऐंशी साली तालुके मोडून नवी मंडलं झाली तेव्हा त्याची तिकडे बदली झाली. काम ठरलेलं: लोकांचे अर्ज घ्यायचे, पहाणीच्या, म्हणजे जमिनीच्या उताऱ्याच्या, नकला काढून द्यायच्या आणि घरचा माणूस गेला की त्याची जमीन वारसांच्या नावे करायचे कागद जुळवायचे. या शेवटच्या कामाला तिकडे अजून निजामाच्या वेळचा ‘विरासत’ हाच शब्द चालतो. खुशाल माणूस म्हणून वाईट नव्हता आणि फार चांगला होता असंही नाही. अकराला चहा, एकला डबा, आणि मधल्या वेळात जो कुणी येईल त्याला ‘उद्या या’. असे कारकून तुम्ही पाहिले असतील. मी तर दुसरे पाहिलेच नाहीत.

डोळ्यांचं दुखणं सुरू झालं ते खाजेनं. पापण्यांच्या कडा लाल व्हायच्या, सुजायच्या. जुन्या कागदांचे लाल फडक्यात बांधलेले बस्ते दिवसभर सोडायचे आणि बांधायचे, त्यांची धूळ. त्यामुळं असेल म्हणून त्यानं मनावर घेतलं नाही. कुणी सांगितलं म्हणून तुरटीचं पाणी घातलं. कुणी सांगितलं म्हणून पांढऱ्या कांद्याचा रस घातला, त्या दिवशी शेजारचे लोक धावत आले. पुढं खाज गेली आणि पाणी मागं राहिलं. खालच्या पापणीच्या काठाशी ते साचायचं, थरथरायचं आणि गालावरून घरंगळायचं. थंडीच्या दिवसांत वारा सुटला की धारच.

अशाच एका डिसेंबरात चंपत नावाचा शेतकरी त्याच्या टेबलापुढं बसला होता. त्याचा थोरला भाऊ साप चावून गेला होता आणि तो विरासतीचा अर्ज घेऊन आला होता. खिडकी उघडी होती. खुशाल अर्ज वाचत होता, आणि खरं सांगायचं तर डब्यात आज वांगं आहे की डाळ याचा विचार करत होता. तेवढ्यात एक थेंब टपकन अर्जावर पडला. त्याच्यामागून दुसरा.

चंपतनं टेबलावरून हात पुढं केला आणि खुशालचा हात धरला. “रडू नका बाबू,” तो म्हणाला. “झालं ते झालं.”

“नाई हो, हे दुखनं हाये माह्या डोयाचं.”

“हाव,” चंपत मान हलवत म्हणाला, “दुखनंच हाये.”

आता ज्याचा सख्खा भाऊ गेला तो माणूस आपलाच हात धरून आपलीच समजूत काढतो आहे, त्याला ‘उद्या या’ कसं म्हणायचं?  खुशाल उठला, स्टूल ओढलं, वरच्या फळीवरचा बस्ता काढला, आणि संध्याकाळच्या आत सगळे कागद जुळवून त्यानं साहेबांच्या टेबलावर ठेवले. चंपतनं पुढच्या आठवडी बाजारात ज्याला त्याला गाठून सांगितलं, की मंडल ऑफिसात एक बाबू आहे, तो गरिबाचा अर्ज वाचून रडतो.

झालं. त्यानंतर खुशालच्या टेबलाशी बाकडं रिकामं राहिलं नाही. लोकांनी आपापले नियमही करून टाकले. अर्जावर थेंब पडला की काम होणार, हा पहिला नियम. म्हणून लोक कागद त्याच्या हनुवटीखाली सरकवून धरायचे. त्यानं खिशातून रुमाल काढला की म्हणायचे, “राहू द्या ना बाबू, येऊ द्या.” एकदा तो जेवायला गेला असताना दोघा-तिघांनी त्याचं टेबलच उचलून खिडकीशी, वाऱ्याच्या तोंडाला नेऊन ठेवलं. थेंबानं शाई पसरलेली नक्कल लोक घरी गेल्यावर चारचौघांत दाखवायचे. शेजारच्या टेबलावरचे सुधाकरराव म्हणायचे, “खुशाल, आमच्या टेबलावर माशीसुद्धा बसत नाई, अन् तुह्यापाशी जत्रा भरते.” बिचाऱ्याचं नाव खुशाल, आणि मंडलभर तो ‘रडते बाबू’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

सुरुवातीला खुशाल सगळ्यांना सांगायचा की हे दुखणं आहे. मग अधूनमधून सांगू लागला. मग बंदच केलं. त्याला ते आवडू लागलं होतं, यात लपवण्यासारखं काही नाही; कुणालाही आवडलं असतं. पण त्याबरोबर आणखी एक झालं. ज्याच्यापुढं आपण रडलो असं सगळं गाव म्हणतं, त्याचं काम अडकवून ठेवायचं तर तोंड कुठं दाखवायचं? त्यामुळं तो दरवेळी उठायचा, दरवेळी बस्ता काढायचा. आठ वर्षांत त्याच्या टेबलावर शिळा कागद म्हणून राहिला नाही. ‘उद्या या’ हे शब्द तो विसरून गेला.

पण मनातून त्याला ठाऊक होतं की हे सगळं डोळ्यांचं कर्तृत्व आहे, आपलं नाही. त्याची आई वारली तेव्हा आलेगेले म्हणाले की पोरगा फार रडला. तो खरंच रडला होता की गाल नेहमीसारखे ओले होते, हे त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. हे त्यानं बायकोलाही कधी सांगितलं नाही.

मग ऑफिसात नवे साहेब आले. तेलुगू माणूस, कमी बोलणारे, कामाला चोख. एके दिवशी त्यांच्या सहीसाठी आलेल्या पहाणीच्या नकलेवर सर्व्हे नंबरापाशीच शाई पसरून निळं तळं झालं होतं. त्यांनी खुशालला बोलावलं, त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, “एमैंदी, खुशाल?” काय झालं? खुशालनं सांगितलं. साहेब रागावले नाहीत. डोळे दाखवून ये, म्हणाले, आठ दिवसांची रजा देतो. आणि बरे होणार नसतील तर मागच्या खोलीत टपालाच्या आवक-जावकीवर बस, तिथं जमिनीचे कागद भिजणार नाहीत.

मागच्या खोलीत एक खिडकी होती आणि ती भिंतीकडे उघडायची. तिथं एकही माणूस यायचा नाही. खुशाल घरी गेला तो उतरलेल्या चेहऱ्यानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना त्यानं पंचफुलाला, आपल्या बायकोला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मंग जाऊ ना आजच डाक्टरकडं. मी तं आठ वर्सापासून म्हनून राह्यली.”

“डोये बरे झाले, अन् मी पह्यल्यासारखा झालो तं?”

“पह्यले कसे होते तुमी?”

“उद्या या म्हननारा.”

पंचफुलानं कपबशी उचलली. “मंग नका म्हनू,” ती म्हणाली आणि साडी बदलायला आत गेली. तिच्या दृष्टीनं प्रश्न संपला होता. खुशालचा मात्र तिथूनच सुरू झाला होता. लोक ज्याच्यापाशी येतात तो माणूस आपण आहोत, की ते नुसतं पाणी आहे? आणि पाणी गेल्यावर खाली काय निघेल?

आदिलाबादला डोळ्यांच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. त्या पेशंटशी हिंदीत बोलत आणि एक वाक्य दोनदा सांगायचा त्यांना कंटाळा होता. त्यांनी खुशालची हनुवटी यंत्रावर टेकवली, पापण्या उलटसुलट करून पाहिल्या, केस आत वळलेत का ते पाहिलं, डोळ्यात आजवर काय काय घातलं ते विचारलं. तुरटी ऐकून त्यांनी नुसतं लिहून घेतलं. कांदा ऐकून त्यांनी क्षणभर स्वतःचे डोळे मिटले. मग त्यांनी कागदाची एक बारीक रंगीत पट्टी त्याच्या दोन्ही डोळ्यांना लावली आणि पाच मिनिटं बाहेर बसायला सांगितलं. डोळ्यात पिवळंधमक पाणी झालं. पंचफुला हसायलाच लागली. “हयद लागल्यावानी दिसून राह्यले तुमी,” ती म्हणाली.

पाच मिनिटांनी पिवळं पाणी तसंच्या तसं डोळ्यात उभं होतं आणि थोडं गालावर आलं होतं. धड डोळा असता तर ते एव्हाना नाकात उतरून गेलं असतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी खुशालच्या हातात आरसा दिला आणि खालची पापणी नाकाच्या बाजूला थोडी बाहेर ओढली. “इधर देखो. यहाँ एक छेद रहता, सुई की नोक इतना. पानी उधर से जाता. तुम्हारा बंद होने को आया.”

खुशालनं पाहिलं. एक ठिपका होता. आहे म्हटला तर आहे. आपल्या पापणीला भोक असतं आणि डोळ्यातलं पाणी रोज गुपचूप तिथून नाकात आणि घशात जात असतं, हे त्याला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं. पापण्यांच्या कडा बरीच वर्षं सुजत राहिल्या आणि भोकं आकसत गेली, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. पाणी काही जास्त तयार होत नाही. जायची वाट बारीक झाली आहे.

“म्हंजे न्हानीची मोरी बुजली,” पंचफुला म्हणाली.

डॉक्टरीणबाईंना मराठी येत नव्हतं, पण मोरी बरोबर समजली. “हाँ, वही,” त्या म्हणाल्या.

“अन् लोक म्हनते दया,” पंचफुला नवऱ्याकडे पाहत म्हणाली.

भोकं मोठी करायची, मग आत पाणी सोडून पाहायचं, असं ठरलं. पाणी सरळ घशात उतरलं तर काम फत्ते. खालची नळीच बंद निघाली तर नाकाजवळचं मोठं ऑपरेशन, आणि त्यासाठी हैदराबाद. आधी डावा डोळा, आठ दिवसांनी उजवा.

गुरुवारी खुशाल दवाखान्यातल्या टेबलावर आडवा झाला. डोळ्यात दोनदा थेंब घातले तशी पापणी लाकडाची झाली. डॉक्टरीणबाईंनी एक बारीक पोलादी सळई घेतली. टोक बोथट, पुढं निमुळती. ती त्यांनी पापणीच्या त्या ठिपक्यात टेकवली आणि दोन बोटांत हळूहळू फिरवत आत घातली. मग थोडी जाड सळई. दुखत नव्हतं, नुसतं दाबल्यासारखं वाटत होतं. “हिलना नई,” त्या म्हणाल्या, आणि खुशालनं श्वाससुद्धा धरून ठेवला. भोक पुन्हा आकसू नये म्हणून पापणीच्या आतल्या अंगानं त्यांनी नखाएवढ्या कात्रीनं एक बारीकशी चीर दिली. मग सिरिंज आली. तिला वाकडी, बोथट सुई होती आणि आत मिठाचं पाणी.

“गले में कुछ आया?”

“नई.”

त्यांनी सुई जरा वळवली. खुशालच्या डोळ्यांपुढं हैदराबादची गाडी उभी राहिली, पंचफुलाच्या डोक्यावरची वळकटी, दवाखान्याची रांग. आणि एकदम त्याच्या घशात, जिभेच्या पार मागं, चव आली.

“खारट!” तो ओरडला. “खारट लागलं! खारट!”

बाहेर बाकड्यावर बसलेली पंचफुला दचकून दारात आली. आत डॉक्टरीणबाई हसत होत्या, आणि टेबलावर तिचा नवरा मीठ सापडल्याचा आनंद साजरा करत होता.

रजेचे थोडे दिवस शिल्लक होते, पण घरी बसवेना म्हणून तो सोमवारी ऑफिसात गेला. डावा डोळा कोरडा, उजवा वाहता. त्या तीन दिवसांत बाकड्यावर जी ओढाताण झाली ती सांगता सोय नाही. डाव्या बाजूला कुणी बसायलाच तयार नव्हतं. सगळे उजव्या बाजूला एकमेकांच्या मांड्यांवर. एक जण म्हणाला, “बाबू, इकडून बसलेल्यावर राग हाये का तुमचा?” सुधाकरराव इतके हसले की त्यांनाच रुमाल काढावा लागला.

पुढच्या गुरुवारी उजवा डोळाही झाला. या वेळी पहिल्याच झटक्यात घसा खारट झाला. आठवडाभर थेंब घालायचे होते, चोळायचं नव्हतं. खुशालनं सगळं काटेकोर पाळलं. एका सकाळी अंगणात दात घासताना थंड वारा त्याच्या तोंडावर आला आणि गाल कोरडेच राहिले. त्यानं हात लावून पाहिला. सतत ओली राहून सोललेली गालावरची कातडीही भरून आली होती. पंचफुला त्याच्याकडे पाहत उभी राहिली आणि म्हणाली, “तुमचे डोये एवढे मोठे हायेत होय? मी तं इसरलीच होती.” लग्नाला वीस वर्षं झाल्यावर बायकोनं डोळ्यांना असं म्हटलेलं कुणाला गोड वाटणार नाही? खुशाल त्या दिवशी आंघोळीला जाताना गाणं म्हणत गेला.

ऑफिसात मात्र गाणं म्हणण्यासारखं काही नव्हतं. लोक येत, बसत, अर्ज पुढं करत आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहत. वाट पाहत. काहीच होत नाही म्हटल्यावर अवघडत. चंपत एका नकलेसाठी आला, बराच वेळ बसला आणि शेवटी हळूच म्हणाला, “बाबू, माह्याकून काई चुकलं काय?” दोन-चार लोक उठून सुधाकररावांच्या टेबलाशी गेले, तेव्हा सुधाकररावांनी गंमत म्हणून रुमाल डोळ्याला लावला. खुशालही हसला. पण रोज संध्याकाळी बसमध्ये बसला की तो दिवसाचा हिशेब घ्यायचा: आज आपण उठलो का? बस्ता काढला का? उठलो होतो, काढला होता. तरी धाकधूक जात नव्हती.

आणि एका मंगळवारी बयनाबाई आली.

साठी ओलांडलेली, उंच, काटक बाई, पैनगंगेच्या काठच्या खेड्यातली. ती दारात थोडी थांबली, खुशालचं टेबल कुठलं ते कुणाला तरी विचारलं आणि सरळ येऊन बसली. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं, पण इतरांसारखी वाट पाहिली नाही. “मालक वारले,” ती म्हणाली. “जमीन नावावर करा लागते.”

खुशालनं कागद पाहिले. जमिनीचे होते, घरातल्यांच्या सह्या होत्या. मरणाचा दाखला नव्हता.

“दाखला?”

“नाई. तिकडं पल्याड वारले. पोरीच्या गावाले, महाराष्ट्रात.”

“दाखल्याबिगर कसं व्हईन, बाई?” खुशाल म्हणाला. त्यानं कागदांची घडी तिच्यापुढं सरकवली. “आना दाखला. पुढच्या सोमवारी या.”

“बरं, बाबू,” बयनाबाई म्हणाली. तिनं कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातले, पिशवी गुंडाळली आणि ती गेली.

खुशाल जे बोलला त्यात चूक काहीच नव्हती. कायद्याप्रमाणं दाखला लागतोच. पुढचा माणूस बाकड्यावर सरकला. तेवढ्यात सुधाकरराव शेजारून अगदी मोकळ्या मनानं म्हणाले, “आलास बाप्पा आमच्यात! किती वर्सानं आइकलं, पुढच्या सोमवारी या.”

खुशालच्या हातातलं पेन तसंच राहिलं. समोरच्या माणसाचं काम त्यानं कसंबसं उरकलं. एक वाजला. त्यानं डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडला आणि तो तसाच परत ठेवला. हेच ते, त्याच्या मनात आलं. याचीच भीती होती. मी तो माणूस नव्हतोच कधी. ते पाणी होतं. त्याला स्वतःची इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती. त्यानं डबा झाकला, चपला घातल्या आणि तो स्टँडकडे निघाला. चालता चालता पळू लागला. चव्वेचाळीस वर्षांच्या कारकुनाला पळताना पाहून पानठेल्यावरची माणसं बाहेर आली.

नदीकडची गाडी अजून लागायची होती. बयनाबाई स्टँडच्या सावलीत पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

“माय, चाला ऑफिसात,” खुशाल धापा टाकत म्हणाला.

“काऊन? सोमवारी या म्हटलं ना तुमी.”

“चुकलो. आजच पाहू काय करता येते ते.” तो तिच्या बाजूला टेकला. “कवा वारले मालक?”

“दोन वर्सं झाले पोळ्याले.”

“दोन वर्सं? मंग इतके दिवस काऊन नाई आल्या?”

 बयनाबाईनं पिशवीची गुंडाळी उलगडली, पुन्हा गुंडाळली. “लोक सांगे,” ती म्हणाली, “तिथल्या बाबूले सांगतलं का बाबू रडते. म्या म्हटलं, माहं दुःख माह्यापाशी. दुसऱ्याच्या लेकराले काऊन रडवा? पोरगा म्हने जाय, जाय. माहं मनच नाई झालं. मंग परवा बाजारात आइकलं, का बाबूचे डोये बरे झाले, आता नाई रडत. म्हनून आली.”

 आठ वर्षं खुशाल समजत होता की ते पाणी लोकांना त्याच्यापाशी ओढून आणतं. त्या पाण्याला भिऊन घरीच बसलेलंही कुणी असेल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. ही एक कळली. अशा किती असतील?

तो तिला ऑफिसात घेऊन आला. बाकड्यावरच्या लोकांना थोडं थांबा म्हणाला. “आता सगळं सांगा, माय,” तो म्हणाला. “कुठं, कसं झालं. मले तिकडच्या ग्रामसेवकाच्या नावानं अर्ज लिहा लागते.”

तिनं सांगायला सुरुवात केली. आवाज सरळ होता, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसा. नवरा पोरीकडे गेला होता, नातवाला पाहायला. सकाळी अंगणात बाजेवर बसला, पोरीला चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत गेला. जावयानं माणूस धाडला, पण पैनगंगेला पूर. पाण्यात डोंगा घालायला कुणी धजेना. तो माणूस पल्याडच्या काठावरून ओरडून सांगत होता आणि बयनाबाई अल्याडच्या काठावर उभी होती.

“मी तिथंच बसली, दिवसभर,” ती म्हणाली. “तिकडं माती झाली. मले तोंड नाई पाह्यला भेटलं, बाबू. पोरं लहान तोंड करून भवताली बसलेले. म्हटलं आपन रडलो तं हे...”

तिथं तिचा आवाज फुटला. तिनं पदर तोंडात धरला, पण उपयोग झाला नाही. दोन वर्षांचं सगळं एकदम आलं. ती टेबलावर डोकं टेकून रडू लागली.

खुशाल गांगरला. त्यानं सुधाकररावांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती.  आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की आठ वर्षांत या टेबलापुढं कुणीच रडलं नव्हतं. भाऊ गेलेले, नवरे गेलेले, तरणी पोरं गेलेली माणसं इथं बसून गेली. पण त्याचे गाल ओले बघून प्रत्येकानं आपलं आवरून धरलं आणि उलट त्याचीच समजूत घातली. त्यांच्या वाटणीचं रडणं तो फुकटात घेऊन बसला होता.

त्यानं माठातलं गार पाणी तांब्यात घेऊन तिच्यापुढं ठेवलं. खुर्ची थोडी जवळ ओढली. त्याचे डोळे कोरडे होते आणि त्याला तिचे थकलेले, कापसानं चिरलेले हात अगदी स्वच्छ दिसत होते. काळजात मात्र असं काही दाटून आलं होतं की त्याला आता कुठली शंका उरली नाही. त्यानं कोरा कागद पुढं घेतला, पेनाचं टोपण काढलं आणि वर ग्रामसेवकाचं नाव घातलं.

“माह्या बायकोचं माहेर त्याच अंगाले हाये,” तो म्हणाला. “रयवारी आमी दोघं येतो तुमच्यासंगं. दाखला घेऊनच येऊ.”

बयनाबाईनं डोकं वर केलं, चारचौघांचं भान येऊन घाईघाईनं डोळे पुसू लागली आणि उठायला लागली.

“बसा, माय,” खुशाल म्हणाला. “तुमी रडा. मी लिहून राह्यलो.”